पुडी एकच, कार्ड कुणासाठी?

काउंटरवरून : वाचकांची पत्रं, एका निवृत्त केमिस्टची उत्तरं

प्रश्न : भाऊ, सप्रेम नमस्कार. आम्ही बेळगावातल्या अनगोळचे. मुलगा-सून चार वर्षांपासून अमेरिकेत, टेक्सासमध्ये डलासजवळ असतात. गेल्या वर्षी एका आजारपणानंतर सुनेला उभं राहिलं की चक्कर यायची, छातीत धडधडायचं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून ‘पॉट्स’ असं नाव सांगितलं आणि मीठ-पाणी वाढवायला सांगितलं. तेव्हापासून घरात इलेक्ट्रोलाइटच्या पुड्यांचा डबा येतो. मुलगा पहाटे पळायला जातो, तोही त्याच डब्यातली पुडी घेतो. पैसे ‘एचएसए’ नावाच्या खात्याच्या कार्डावरून भरतो. म्हणतो, “आई, ते पैसे डिसेंबरात बुडतात, संपवलेले बरे.” गणपतीला आला तेव्हा आमच्यासाठीही दोन डबे आणले, तेही त्याच कार्डावर. ह्यांना बीपीची गोळी चालू आहे. ते आता सकाळी चहाऐवजी तीच पुडी पाण्यात घालून घेतात. मला विचारायचं ते असं, की हे कार्ड यासाठी चालतं का? आणि आपल्याकडे ओआरएसची पुडी वीस-पंचवीस रुपयांना मिळते. मीच इथून शंभर पुड्या पाठवल्या आणि त्याने त्या खात्यातून मला पैसे दिले तर?
— एक आई, अनगोळ

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. उद्या सकाळी मालकांच्या हातातून ती पुडी काढून घ्या आणि त्यांना चहा द्या.

त्या पुडीत प्रामुख्याने मीठ असतं. कुठल्या कंपनीच्या एका पुडीत ५०० मिलीग्रॅम सोडियम, तर कुठल्या पुडीत १०००. बीपीच्या माणसाला डॉक्टर लोणचं-पापड कमी करा म्हणतात आणि आपण सकाळी उठून गोडसर लिंबाच्या चवीचं मीठ पाजतो! दुसरी गोष्ट पोटॅशियमची. बीपीच्या गोळ्यांत ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘सार्टन’ येतं, टेल्मिसार्टन, लोसार्टन वगैरे, त्यांनी शरीरात पोटॅशियम साठून राहण्याकडे कल होतो. आमच्या दुकानात बीपीच्या दहा पट्ट्या गेल्या तर त्यातल्या निम्म्या टेल्मिसार्टनच्या असतील, म्हणून हे मुद्दाम सांगतो. मूत्रपिंड थोडं थकलेलं असेल आणि वरून रोज पोटॅशियमची पुडी, तर हृदयाची लय बिघडू शकते. घाबरू नका, पण डबा आणि गोळीची पट्टी, दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जाऊन या. नुसतं तोंडी सांगू नका, डबाच दाखवा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात सगळं छापलेलं असतं.

आता कार्डाचं.

हे खातं मला माहीत असण्याचं कारण आमची थोरली. ती न्यू जर्सीत असते. शहापूरच्या खडेबाजारात अडतीस वर्षं दुकान चालवून मला औषध कळतं, पण अमेरिकेचा कर कळण्याचं काही कारण नव्हतं. तिच्यापायी शिकलो, आणि तिच्या चुकीपायी जास्त शिकलो. ते पुढे येईलच.

‘हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट’ हे तिथल्या २००३ च्या कायद्याने आलं, जानेवारी २००४ पासून चालू झालं. ते कुणालाही उघडता येत नाही. ज्याच्या विम्यात सुरुवातीचा मोठा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो, त्यालाच मिळतं. २०२६ साली कुटुंबासाठी ही खिशातली रक्कम निदान ३,४०० डॉलर असावी लागते. तेवढा खर्च होईपर्यंत विमा बहुतेक गोष्टींत हात वर करून उभा असतो. म्हणून सरकार म्हणतं, बाबा, त्या खर्चासाठी वेगळे पैसे साठव, त्यावर आम्ही कर लावणार नाही. कुटुंबाला २०२६ मध्ये ८,७५० डॉलरपर्यंत भरता येतात. भरताना कर नाही, खात्यात वाढले तर नाही, आणि उपचारासाठी काढले तरी नाही. अशी सवलत मला तरी दुसऱ्या कुठल्या खात्यात दिसली नाही.

आणि ते पैसे डिसेंबरात बुडत नाहीत. तुमच्या मुलाची इथेच गल्लत झालीय. बुडतात ते ‘एफएसए’चे. ती कंपनीच्या मार्फत चालणारी दुसरी सोय, तिच्यात वर्षाचे पैसे वर्षात संपवायचे असतात, फार तर थोडे पुढे नेता येतात. नावं जुळ्या भावांसारखी, स्वभाव वेगळे. एचएसए मात्र माणसाच्या नावाचं खातं आहे. नोकरी बदलली तरी त्याचंच, उद्या तो कायमचा बेळगावला आला तरी त्याचंच. तेव्हा संपवायचे म्हणून डबे आणायचं कारणच उरत नाही. त्याला एवढं एक वाक्य सांगितलंत तरी अर्धं काम झालं.

राहिलं अर्धं. ‘उपचार’ कशाला म्हणायचं? तिथल्या आयकर खात्याचा, म्हणजे आयआरएसचा नियम असा आहे : रोगाचं निदान, रोग बरा करणं, कमी करणं, टाळणं यासाठीचा खर्च चालतो. साधारण तब्येत चांगली राहावी म्हणून केलेला चालत नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्या, पूरक पावडरी, काढे यांचं तर नाव घेऊनच लिहिलंय, की डॉक्टरने निदान केलेल्या ठरावीक आजारावर उपाय म्हणून डॉक्टरनेच सांगितलं असेल तरच. २०२० मध्ये कोविडच्या काळात तिथे एक सवलत आली, ताप-सर्दीची साधी औषधं चिठ्ठीशिवाय घेतली तरी खात्यातून चालतील. पण पावडरी त्या सवलतीत आल्या नाहीत. लहान मुलांच्या जुलाबावर तिथे बाटलीतून जे पाणी मिळतं, ते खातं सांभाळणाऱ्या कंपन्या साधारणपणे मान्य करतात. कारण ते शोष पडण्यावरचं औषध. व्यायामानंतर प्यायचं रंगीत पाणी मान्य करत नाहीत.

म्हणजे ताई, तुमच्या मुलाच्या स्वयंपाकघरात डबा एकच आहे. त्यातली सुनेची पुडी खात्यात बसते, मुलाची बसत नाही. तीच पुडी, तीच चव. आपल्याकडे नाही का, तांदळाची पेज तापकऱ्याला दिली तर पथ्य आणि जावयाला दिली तर अपमान! पेजेत फरक नसतो, पुढ्यात कोण बसलंय त्यात असतो. आयआरएस पुडीकडे बघत नाही, पुडी कोण पितंय आणि कशासाठी, ते विचारतं.

सुनेची बसते खरी, पण कागदाशिवाय नाही. तिच्या डॉक्टरांकडून ‘लेटर ऑफ मेडिकल नेसेसिटी’ घ्यायला सांगा. त्यात तिचं नाव, आजाराचं नाव, काय घ्यायला सांगितलंय, त्या आजारात ते का लागतं, किती दिवस, आणि तारीख. “पाणी भरपूर प्या” एवढं मोघम नको. वर्षाने नवं करून घ्यावं, बरेच जण दरवर्षीचं मागतात. आणि तारखेवर लक्ष ठेवा. पत्र मार्चचं आणि पावती जानेवारीची, असं झालं की प्रश्न आलाच.

“पण आई, कार्ड तर चालतंय की,” असं तो म्हणेल. आमची थोरलीही असंच म्हणाली होती. दुकानातलं यंत्र कार्ड घेतं याचा अर्थ खर्च नियमात बसला असा नाही. विचारणारा त्या वेळी तिथे कोणी नसतोच. वर्षअखेरीस खात्यातून किती काढले आणि त्यातले उपचारावर किती, हे ‘फॉर्म ८८८९’ मध्ये आपणच लिहायचं असतं. त्या खाली सही आपली. पावत्या आपल्याकडेच ठेवायच्या, कधी विचारलं तर दाखवायच्या.

तिची गोष्ट अशी. एका वर्षी तिला अर्ध्या मॅरेथॉनचं वेड लागलं. डबे आणले, कार्ड घासलं, ९६ डॉलर. फेब्रुवारीत तिचे कराचे कागद भरून देणाऱ्या माणसाने विचारलं, “हे काय?” तिने मला फोन लावला. जणू मी सांगितलं तर आयआरएस ऐकणार! “बाबा, ते ओआरएससारखंच असतं ना?” मी म्हटलं, “असतं. पण तुला झालंय काय?” पलीकडे शांतता. तिला काहीच झालेलं नव्हतं, ती फक्त पळत होती.

वाचली ती चष्म्यामुळे. त्याच वर्षी तिने नवा चष्मा केला होता आणि त्याचे पैसे सवयीने बँकेच्या साध्या कार्डावरून दिले होते. चष्मा, दात, डोळ्यांची तपासणी हे सगळं या खात्यात बसतं. मग त्या ९६ डॉलरना चष्म्याच्या खर्चाचा भाग धरला, चष्म्याची पावती लावली, आणि डब्यांचे पैसे तिच्या खिशातून गेले असं झालं. हिशेब जुळला. हे करायला कायद्याची हरकत नाही. खातं उघडल्यानंतरचा, दुसरीकडून न मिळालेला खरा वैद्यकीय खर्च असला म्हणजे झालं. तुमच्या मुलालाही हेच करता येईल. यंदाच्या पळण्याच्या पुड्या आणि अनगोळला आणलेले दोन डबे किती डॉलरचे झाले ते काढायचं, आणि दाताचं, चष्म्याचं, डॉक्टरच्या फीचं कुठलं बिल साध्या कार्डाने दिलंय ते शोधायचं. पुढच्या महिन्यापासून डबे दोन वेगळे, पावत्या दोन वेगळ्या.

असं बिल सापडलं नाही तर? समजा डबा ४५ डॉलरचा आणि वर्षाला १२ डबे, म्हणजे ५४० डॉलर. उपचार नसलेल्या गोष्टीवर काढलेले पैसे उत्पन्नात धरले जातात आणि वयाची ६५ वर्षं व्हायच्या आधी वरून २० टक्के जादा कर लागतो. मुलगा २२ टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर दोन्ही मिळून ४२ टक्के, सुमारे २२७ डॉलर. उलट सुनेच्या पुड्यांसाठी तेवढेच ५४० डॉलर पगारातून थेट खात्यात वळवले, तर आयकर आणि तिथली ७.६५ टक्क्यांची सक्तीची कपात धरून साधारण १६० डॉलर वाचतात. टेक्सासात राज्याचा आयकर नाही, नाहीतर आणखी थोडे वाचले असते. आमच्या थोरलीचं न्यू जर्सी आणि दुसरं कॅलिफोर्निया, ही दोन राज्यं या खात्याची सवलत राज्याच्या करात मानतच नाहीत. नशीब एकेकाचं.

एक सावधगिरी. तिकडे संकेतस्थळं आहेत, पाच-सहा प्रश्नांची उत्तरं भरा, फी द्या आणि पत्र घ्या, की मग पावडर काय, जिम काय, सगळं खात्यातून! मार्च २०२४ मध्ये आयआरएसने याबद्दल जाहीर इशारा दिलाय, की माणसाने स्वतःच सांगितलेल्या माहितीवर दिलेल्या अशा चिठ्ठीने साधा खर्च वैद्यकीय होत नाही. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. “डॉक्टरची चिठ्ठी नंतर आणून देतो, आधी औषध द्या,” हे मी अडतीस वर्षं ऐकलंय. तिकडे त्याचं संकेतस्थळ झालं एवढंच.

आता तुमच्या शंभर पुड्या. नको. परदेशातून आणलेल्या किंवा मागवलेल्या औषधांचा खर्च तिथला नियम साधारणपणे धरत नाही. त्यातून आईला पैसे दिले आणि पावती अनगोळच्या दुकानाची, हे कुणाला समजावत बसणार? दुसरं कारण माझ्या धंद्यातलं. आपली ओआरएस जुलाबासाठी आहे. एक लिटरच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं आणि सोडियम साधारण १,७२५ मिलीग्रॅम. सुनेने दिवसाला दोन लिटर घेतलं तर मिठाबरोबर २७ ग्रॅम साखर रोज, महिनोन्‌महिने. तिला मीठ किती हवं हे तिच्या डॉक्टरने मोजून सांगितलेलं असणार. पुडी बदलायची तर त्यांना विचारूनच.

आणि तुम्हा दोघांसाठी ते कार्ड चालणार नाही, मुलाने कितीही मनापासून दिलं तरी. त्या खात्यातून स्वतःचा, नवरा-बायकोचा आणि कायद्याने अवलंबून असलेल्यांचा खर्च होतो. अवलंबून म्हणजे तिथला नागरिक किंवा तिथला रहिवासी, फार तर कॅनडा-मेक्सिकोचा. अनगोळला राहणारे आई-वडील त्यात येत नाहीत. हे वाचून वाईट वाटेल, पण त्यात तुमच्या नात्याबद्दल काही नाही, पत्त्याबद्दल आहे.

जे चालतं तेही सांगतो, म्हणजे पत्र अगदीच कडू होणार नाही. तो सुट्टीत आला आणि टिळकवाडीत दाताचं रूट कॅनाल करून घेतलं, तर तो खर्च खात्यातून घेता येतो. उपचार परदेशात झाला म्हणून बाद होत नाही. डॉक्टरकडून छापील बिल घ्यायचं, त्यावर नाव, तारीख, काय उपचार केला, किती रुपये. त्या दिवशीचा डॉलरचा भाव शेजारी लिहून ठेवायचा. घाई नाही, पुढल्या वर्षी काढले तरी चालतात. बेळगावातलं रूट कॅनाल तिकडच्या मानाने किती स्वस्त ते त्याला मी सांगायला नको.

प्रश्न : सर, मी संकेश्वरला शाळेत शिक्षक आहे. क्रीडास्पर्धेला मुलांसाठी आम्ही दरवर्षी ‘ओआरएस’ लिहिलेली खोकी आणायचो, नळी घालून प्यायची. यंदा दुकानदार म्हणाला, आता ती त्या नावाने येत नाहीत. मग इतकी वर्षं आम्ही मुलांना काय पाजत होतो?

उत्तर : सरबत. आणि विकत होतो आम्ही, त्यामुळे तुमच्याइतकाच मीही त्यात आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आदेश काढला, की जे पेय जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनलेलं नाही, त्याच्या नावात पुढे-मागे कुठेही ‘ओआरएस’ ही अक्षरं नकोत. त्यामागे हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांची कित्येक वर्षांची झुंज होती. त्याआधी डब्यावर बारीक अक्षरात ‘हे ओआरएस नाही’ असं लिहून मोठ्या अक्षरात तेच नाव छापायची मोकळीक होती. बारीक अक्षर कोण वाचतं? पोराला दहा जुलाब झालेली आई तर नाहीच वाचत. ती दुकानात येते, कुणी जुलाब म्हणतं, कुणी कन्नडमध्ये भेदी म्हणतं, आणि फळीवरच्या रंगीत खोक्याकडे बोट दाखवते. मी किती वेळा ते खोकं काढून दिलं! पुडी दाखवायचो, पण पोरगं चवीला नाक मुरडतं म्हणून खोकंच जायचं. विकणाऱ्याला त्यात जास्त सुटायचं, हेही लपवत नाही.

फरक साखरेचा. खऱ्या ओआरएसमध्ये एक लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. आतड्यात ग्लुकोजचा हात धरून सोडियम आत जातं आणि त्यांच्या मागोमाग पाणी. ही जोडी मोजून जमवलेली आहे. साखर जास्त झाली की उलटं होतं, ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच २००२ मध्ये संघटनेने आधीचं सूत्रही थोडं सौम्य केलं.

ज्यांनी ही साधी पुडी जगाला पटवली, ते डॉ. दिलीप महालनाबीस. १९७१ मध्ये बांगलादेशचे निर्वासित बनगावच्या छावणीत आले, कॉलऱ्याची साथ, सलाइन संपलेलं. त्यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं, की पाजत राहा. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या आत आले. २०२२ मध्ये ते गेले, पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

पण सर, पुडी खरी असली तरी चूक व्हायची ती होतेच. एप्रिलातली गोष्ट, येळ्ळूरहून एक बाई नातवाला घेऊन दुकानात आल्या. पोर मलूल, ओठ सुकलेले. “पुडी दिली की हो, तरी उतार नाही.” कशी दिली विचारलं तर त्यांनी हाताने दाखवलं, एक पेला. अख्ख्या लिटरची पुडी चहाच्या पेल्यात ओतलेली. पोराने खारट म्हणून थुंकलं असणार, बरं झालं थुंकलं. मी काउंटरखालची पाण्याची लिटरची बाटली काढली, त्यांच्यासमोर पुडी फोडून तिच्यात घातली, हलवली, आणि झाकणाने एकेक घोट पाजायला सांगून तसंच बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तेव्हापासून पुतण्याला सांगितलंय, पुडी देताना बाटलीकडे बोट दाखवायचं. पुडी, एक लिटर, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं.

तुमच्या स्पर्धेला ओआरएस लागतच नाही. पोरं तासभर पळतात, त्यांना पाणी, सावली, केळं आणि कोकम सरबत पुरे. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घागरीत करून ठेवा. ओआरएसच्या चार पुड्या प्रथमोपचाराच्या पेटीत असू द्या, कुणाला उलटी-जुलाब झाले तर. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाट, आपल्या हाताला शीग लावायची सवय असते.

प्रश्न : तुम्ही मागे अमेरिकेच्या खात्याचा उल्लेख केला होता. आपल्याकडे औषधपाण्यासाठी असं बिनकराचं खातं आहे का? मी खानापूरचा, एस.टी.तून निवृत्त. आम्हा दोघांनाही विमा नाही, वय ६७ आणि ६३.

उत्तर : तसं खातं नाही. जवळ येणारी एक सवलत आहे, जिला सगळे ‘८०डी’ म्हणून ओळखतात. साठीच्या पुढच्या माणसाला आरोग्य विमा नसेल, तर त्याच्या दवाखाना-औषधांच्या खर्चावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत उत्पन्नातून वजावट मिळते. अट दोन. पैसे रोख दिलेले नकोत, आणि कर जुन्या पद्धतीने भरत असाल तरच. तुमचं उत्पन्न पेन्शनपुरतंच असेल तर नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर नाही, मग वजावट घेऊन करणार काय? पण तुमचा मुलगा पुण्याला-मुंबईला नोकरीत असेल, जुन्या पद्धतीने कर भरत असेल आणि तुमच्या औषधांचे पैसे तो फोनवरून देत असेल, तर ही वजावट त्याला घेता येते. अमेरिकेत आई-वडिलांच्या पत्त्यावर अडतं, इथे अडत नाही, तेवढं आपलं बरं म्हणायचं.

फक्त बिल मागा. आम्हा दुकानदारांची एक खोड आहे. घाईत नावाच्या रकान्यात ‘कॅश’ असं खरडून बिल फाडतो, डॉक्टरांच्या नावाच्या जागी ‘सेल्फ’. अशी बिलं ढिगाने जमवलीत तरी उपयोग नाही. काउंटरवर थांबून म्हणा, नाव घाला, डॉक्टरांचं नाव घाला. मागे रांग असेल तर दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू दे. मीही कुरकुरायचो.